सभेचे एकमत

फार पूर्वी कंकपुरात सुवर्मा राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मले होते. नाव यशोमित्र.

त्या उन्हाळ्यात नगराच्या तळ्याच्या बांधाला मोठी चीर गेली. पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. बांध फुटला असता तर निम्मे नगर वाहून गेले असते. नगरसभेत दोन पक्ष होते, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. पूर्वी ते भांडत, पण उठताना थोडे याचे, थोडे त्याचे मान्य करून उठत. ती रीत कधी मोडली, हे यशोमित्राला कळलेच नाही.

वरच्या आळीचा प्रमुख वज्रनाभ वर्षभर म्हणत होता, बांध दगडाचा हवा. खालच्या आळीचा श्रीसेन म्हणे, मातीचा. एके दिवशी श्रीसेन उठला आणि म्हणाला, "बरं, दगडाचाच बांधू."

यशोमित्राला हायसे वाटले. तेवढ्यात वज्रनाभ गरजला, "तुम्हाला चालतो म्हणजे यात नक्की काहीतरी काळेबेरे आहे. आम्हाला आता मातीचाच हवा!"

लगेच खालची आळी दगडासाठी ओरडू लागली. कालचे शब्द आज दुसऱ्याच तोंडी. यशोमित्र चक्रावून गेला.

तो दोघांच्या घरी गेला. वज्रनाभ हळूच म्हणाला, "अमात्य, पाया दगडाचा आणि वर माती, हे मलाही पटतं. पण मी वाकलो, तर माझीच माणसं मला दारात उभं करणार नाहीत." श्रीसेनही जवळजवळ हेच बोलला.

राजा वैतागला होता. "सभा मोडतो. राजमुद्रा घे आणि तूच हुकूम काढ."

"महाराज, बांध होईल. पण पुन्हा एकत्र बसायचं कुठे?" यशोमित्र म्हणाला. मुद्रा त्याने घेतली नाही. मात्र करायचे काय, हेही त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सभेत, पाया दगडाचा आणि वर माती, हाच बेत स्वतःचा म्हणून मांडला. दोन्ही बाजू उसळल्या. "हा त्यांना फितूर!" दोघेही म्हणाले. त्याला हद्दपार करावे, असा ठराव आला आणि एकही हात खाली राहिला नाही.

यशोमित्र क्षणभर गोंधळून त्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मान्य. पण बांध माझ्या बेताप्रमाणे होऊ द्या. बिघडला तर म्हणा, त्या घालवून दिलेल्या माणसाची चूक. तुमच्यापैकी कुणालाच वाकावं लागणार नाही."

वज्रनाभाने श्रीसेनाकडे पाहिले. बऱ्याच दिवसांनी पाहिले. दोघांनी माना हलवल्या.

बांध झाला आणि पावसात टिकला. यशोमित्र तेव्हा वेशीपलीकडच्या खेड्यात राहत होता. आपण सभा वाचवली, की माणसाला हाकलताना एक व्हायला तिला शिकवले, हे त्याला अखेरपर्यंत उमगले नाही.

विहारात दोन तट पडून भिक्षू भांडत होते, त्यांना शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, एकमेकांकडे पाठ करून बसलेले हे दोन ज्येष्ठ भिक्षू तेव्हाचे वज्रनाभ आणि श्रीसेन. आपल्या विहाराचा दाता तो राजा. आणि अमात्य मी होतो."

दुसऱ्यांचा बोल शांतपणे स्वतःवर घेणे, ही बोधिसत्त्वांची क्षांती, म्हणजे सहनशीलता.