लाल मोटारीचं गिऱ्हाईक

“आठ दिवसांत या मोटारीला गिऱ्हाईक आण! बावीस हजारांना घेतली, बावीस हजारांनाच विकली गेली पाहिजे. एक पैसा कमी चालणार नाही!”

देवखोर संस्थानचे राजेसाहेब मानाजीराव गरजले आणि दौलू मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला.

चूक दौलूचीच म्हणायची. त्यानं खरं बोलून टाकलं होतं! राजेसाहेबांची लाल मोटार रेसची, इटलीहून बोटीनं आलेली. बारा वर्षांपूर्वी तिच्यामागे नुसती धूळ दिसायची. आता राजेसाहेबांसारखीच तीही चार पावलांत धापा टाकू लागली होती. त्या दिवशी तर पाहुण्या सरदारांच्या देखत ती वेशीतच बसली, आणि राजेसाहेबांना वाड्यावर बैलगाडीतून यावं लागलं. आल्या आल्या त्यांनी दौलूला फैलावर घेतलं, तर हा भोळा माणूस म्हणतो कसा, “सरकार, मोटार म्हातारी झाली. आता हिला कुणी दोन हजारबी देनार न्हाई!”

“दोन हजार? आमच्या मोटारीला?” राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. “गिऱ्हाईक आलं नाही, तर तिची किंमत तूच घालवलीस असं समजू. मग मोटारखान्यामागची खोली रिकामी करायची आणि संस्थानाबाहेर व्हायचं! आणि गिऱ्हाइकाला तिची एकूण एक खोड सांगायची. आमचं घराणं कुणाला फसवत नाही!”

दौलूची मुलगी हौसा दाराआडून ऐकत होती. तिचा जन्म त्याच खोलीतला. चूल पेटवायला शिकण्याआधी ती कार्बोरेटर साफ करायला शिकली होती. या वयात आबांना दुसरीकडे कोण ठेवून घेणार? पण रडत बसणाऱ्यांपैकी ती नव्हती.

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. एका गुळाच्या व्यापाऱ्यानं लाल रंग बघून मान डोलावली. दौलूनं खोडी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या खोडीला व्यापाऱ्यानं पगडी सारखी केली, पाचवीला जोडे घातले आणि सातवी ऐकायला तो जागेवर नव्हताच! एका नाटक कंपनीच्या मालकानं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “पाचशे देतो,” तो म्हणाला. “रथ म्हणून रंगमंचावर ठेवीन. तिथं तिला चालायचं नाही.”

सातव्या दिवशी दौलूनं ट्रंक बांधायला घेतली. हौसानं ती सरळ उलटी केली.

“आबा, उद्या मी जाते सरकारांकडं. गिऱ्हाईक घावलंय.”

“कोन गं?”

“हाय एक. लई हौशी हाय.”

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब सदरेवर बसले होते. हौसानं मुजरा केला.

“सरकार, गिऱ्हाईक वाड्यातच हाय. पन आधी मोटारीच्या खोडी तुमच्यापुढं सांगते. एखादी लपवली, तर तिथंच बोला.”

“सांग!”

“पयली खोड. चार मैलांत इंजिन तापतं.”

“तापणारच!” राजेसाहेब उसळले. “तापल्याशिवाय पळेल कशी?”

“सुटा भाग मोडला, की बोटीची सा-सा म्हैने वाट बघावी लागती.”

“लांबचं माणूस उशिराच येतं! त्यात काय?”

“थंडीत ढकलायला सा गडी लागत्यात.”

“सहा घरांच्या चुली पेटतात त्यावर!”

“सुरू करताना हँडल उलटं फिरतं. आबांचं मनगट दोनदा मोडलं.”

“जातिवंत घोडाही लाथ मारतो! पोरी, तू आमच्या मोटारीची बदनामी चालवली आहेस. अजूनही ती बावीस हजारांची आहे!”

सदरेवर बसलेले दिवाणजी एकदम खोकले. हसू दाबायचं होतं बिचाऱ्यांना.

“ऐकलंत, दिवाणजी?” हौसा म्हणाली. “समद्या खोडी ऐकूनबी जो मानूस बावीस हजार म्हनतो, तेच माजं गिऱ्हाईक!”

“म्हणजे आम्ही?” राजेसाहेब ताडकन उठले. “अगं, ती मोटार आमचीच आहे! एकदा पैसे मोजले, ते पुन्हा कशाला मोजू?”

“एकदा न्हाई, सरकार. जरा अंगनात चला.”

अंगणात पाहतात तो काय! राजघराण्याची वस्तू भंगारात जाता कामा नये, असा राजेसाहेबांचाच हुकूम होता. त्यामुळे बारा वर्षांत मोटारीतून काढलेला प्रत्येक भाग दौलूनं गोणपाटात गुंडाळून कोठीत ठेवला होता. हौसानं मोटार ढकलणाऱ्या त्या सहा गड्यांना हाताशी धरून सकाळपासून ते सगळं मांडलं होतं. इंजिनाच्या जागी इंजिन, चाकांच्या जागी चाकं. अंगणात दोन अख्ख्या मोटारी पसरल्या होत्या!

“एक मोटार तुमी बोटीवरनं घेतली,” हौसा म्हणाली. “ह्या दोन सुट्या भागांतनं घेतल्या. समद्या खोडी ठाऊक असून, पुरी किंमत मोजून! माज्या आबांनी किंमत घालवली म्हनता? हितं तर एकाच गिऱ्हाइकानं एकच मोटार तीनदा घेतलीया! आता चौथ्यांदा घेताय का, सरकार?”

राजेसाहेब त्या दोन मोटारींभोवती फिरले. एका गंजक्या रेडिएटरपाशी थांबले, मग दुसऱ्यापाशी. त्यांच्या मिशा पुन्हा थरथरल्या, पण या वेळी हसू फुटल्यामुळे! ते इतके हसले, की दिवाणजींना त्यांना धरून बसवावं लागलं.

“दौलू, ती खोली तुझी, तहहयात! पगार दीडपट! आणि मोटारखान्याचा कारभार आजपासून या पोरीच्या हाती!” त्यांनी बोटातली अंगठी काढून हौसाच्या हातावर ठेवली. मग आणखी भरात येऊन म्हणाले, “एवढ्यानं आमचं मन भरत नाही. जा, ती लाल मोटारही तुलाच दिली!”

हौसानं घाईघाईनं अंगठी परत पुढे केली आणि हात जोडले.

“सरकार, हवी तर अंगठी परत घ्या! पन जिंकले तर मी! मग दंड कशापायी?”

आणि सगळा वाडा पुन्हा हसत सुटला.