जीपीएस आणि रबरी बूच

होड्यांवरची होकायंत्रं नुकतीच पेटीत गेली होती आणि हातात मावणारी जीपीएस यंत्रं आली होती, त्या काळची ही गोष्ट. बुधाजी तांडेलाच्या होडीवरही असं एक जीपीएस होतं. किनाऱ्याला लागलं की तांडेल त्याच्यावरचं मीठ गोड्या पाण्यानं धुऊन काढायचा आणि चारचौघांत सांगायचा, "आपलं यंत्र पाण्याला भीत नाही."

एकदा असंच धुताना चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच हळूच म्हणालं, "दादा, माझी कड चिरलीय. पाणी आत जातंय. काठावर आहोत तोवर एकदा पडदा मिणमिणव, म्हणजे तांडेल उघडून बघेल."

आतली ओल जीपीएसलाही जाणवत होती. पण ते कौतुक त्याला सोडवेना. "गप्प बस," ते म्हणालं आणि त्यानं पडदा आणखीच लख्ख केला.

पुढच्याच खेपेला दाट धुकं पडलं आणि नेमका खडकांजवळ पडदा काळा झाला. होडीचा तळ घासला, दोन फळ्या फुटल्या. पाणी उपसत उपसत तांडेल कसाबसा घरी पोचला.

त्यानं यंत्र निरखून पाहिलं आणि चिरलेलं बूच उपटून उकिरड्यावर भिरकावलं. "ह्या मेल्या बुचानं घात केला," तो बायकोला म्हणाला. "यंत्राचा काय दोष? बिचारं शेवटपर्यंत लख्ख चालत होतं."

मग यंत्र पुसून त्यानं देवाच्या फळीवर ठेवलं. खरं काय ते सांगायला जीपीएसनं सगळा जीव गोळा केला. पण पडदा मिणमिणलासुद्धा नाही.