टिटवीचा निकाल

जनावरांचं पोट कबड्डीवर चालायचं, त्या काळातली गोष्ट. अंतिम सामन्यात बिबट्या चढाईला गेला आणि एका दमात चार गडी बाद करून आला. टाळ्या थांबेनात. पंच होती टिटवी, मूठभर जिवाची. ती म्हणाली, "बिबट्याचं तोंड मिटलेलं होतं. 'कबड्डी कबड्डी' म्हणत होता तो फांदीवरचा पोपट!"

पोपटानं मान खाली घातली. बिबट्या गुरगुरत अंगावर आला, पण टिटवी जागची हलली नाही. "चारही गुण रद्द. दोघंही एक हंगाम मैदानाबाहेर."

"एवढंच? नखं उपटा त्याची!" प्रेक्षक ओरडले.

"गेल्या वर्षी सशानं दम चोरला, त्यालाही एकच हंगाम दिला होता. बिबट्याला त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही."

हंगाम सरला. बिबट्या मैदानात उतरताच हुर्यो उठली. टिटवी कडाडली, "त्याची शिक्षा संपली. आता त्याला चोर म्हणेल तो बाहेर जाईल!"

बिबट्या चढाईला गेला. मध्येच त्याचा दम तुटला. कुणालाच कळलं नाही, टिटवीलाही नाही. बिबट्यानं स्वतःच पंजा वर केला आणि मुकाट्यानं रेषेबाहेर जाऊन बसला.