यमुनाकाकूंचा पाट

“मग हरवलं काय?” भिकूतात्यांनी विचारलं.

“काहीच नाही,” तुषार म्हणाला.

“काहीच नाही?”

“एक अक्षर नाही, तात्या. मोबाइलवरचं सगळं जसंच्या तसं परत आलं. नावं, फोटो, कुणाचा गणपती कुठल्या फळीवर… सगळं.”

“मग तोंड असं का झालंय तुझं?”

तुषारच्या हातात रुमालाचं गाठोडं होतं, ते त्याने मुठीत आणखी घट्ट धरलं.

बाहेर पावसाची झिमझिम चालू होती. तात्यांच्या खोपीत या दिवसांत काही नसतं. फळ्या रिकाम्या, माती संपलेली. गौरी-गणपतीचे दिवस म्हणजे गावाचा सण, आणि मूर्तिकाराच्या घरी सगळं उजाड. म्हातारा उंबऱ्याशी बसून ब्रश धूत होता.

या म्हाताऱ्याच्या हाताखाली तुषार गोरिवले माती मळायला शिकला. पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला, आणि खाडीपट्ट्यात त्याच्याएवढे गणपती कुणाचेच होईनात. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारीला मान ताठ ठेवायची खोड असते, ती त्यालाही होतीच.

आता इकडची रीत सांगायला हवी. आषाढातच घरोघरचे पाट मूर्तिकाराकडे येतात. ज्या घराचा पाट, त्यावर खडूने त्या घराचं नाव. त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसतो आणि त्याच पाटावरून घरी जातो. विसर्जन झालं की पाण्याकाठची मूठभर वाळू पाटावर ठेवायची आणि पाट घरी आणायचा. पाट रिकामा परत न्यायचा नाही.

तुषारने पाट बंद केले.

पाट जागा खातात, पाटांना वाळवी लागते, खडूचं नाव पुसतं. हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. शहरातून एक कंपनीवाला आला होता. त्याने धंद्याचा सगळा कारभार मोबाइलवर आणून दिला. बुकिंग, रंगकाम, कामगारांची हजेरी, माल कुणाला पोचला, सगळं. माहिती कारखान्यात राहणारच नाही, दूर कुठेतरी क्लाउडवर राहील. कारखाना जळला तरी तिला धक्का लागायचा नाही. मूर्तीच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवायची; तिच्यावर नाव नाही, नुसते ठिपके, मोबाइल धरला की घराचं नाव समोर.

“तात्या, आता तुमचे पाट चुलीत घाला,” असं तो याच उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला होता. हसत म्हणाला होता, पण म्हणाला होता.

तात्या तेव्हा माती मळत राहिले होते.

“चतुर्थीला सकाळी बंद पडलं,” तुषार आता सांगू लागला. “ऐन गर्दीत. दारात टेम्पो, ढोल, टोप्या घातलेली माणसं. जो तो म्हणतोय मुहूर्त टळतोय, आमचा बाप्पा द्या. मी मोबाइल धरतोय, धरतोय… काही नाही. कंपनीला फोन लावला, कुणी उचलेना. वर मला सांगत होते, कधीच बंद पडणार नाही म्हणून! असल्या लोकांवर विसंबलो, तात्या. नरड्याला फास लावला त्यांनी माझ्या.”

“काहीच दाखवत नव्हतं ते?”

“एक ओळ यायची.”

“कुठली?”

“‘माहिती सध्या उपलब्ध नाही.’”

तात्यांनी ब्रश झटकला.

“हं… मग तू काय केलंस?”

“काय करणार? दिले.”

“काय दिलंस?”

“गणपती दिले, तात्या. अंदाजाने. माझेच हात आहेत ना, म्हटलं ओळखीन. हा तुमचा, हा तुमचा… एकालाही थांबवलं नाही.”

हे सांगताना क्षणभर त्याच्या आवाजात जुना रुबाब आला. आला आणि तिथेच विरला.

“लोक काय म्हणाले?”

“खूश होऊन गेले. म्हणाले, यंत्र बंद पडलं तरी तुषारशेठ बंद पडत नाही.”

म्हातारा हसला नाही. त्याने दुसरा ब्रश घेतला.

“यमुनेला कुठला दिलास?”

तुषार ज्यासाठी आला होता ते तात्यांनी आपणहून काढलं, आणि आता पळायला जागा नव्हती.

यमुनाकाकू शिगवण सगळ्या गावाला ठाऊक. तिचा मुलगा वसंत गेल्या साली होडी घेऊन गेला. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, वसंत लागला नाही. ना तोंड बघायला मिळालं, ना खांदा द्यायला. काय करणार बिचारी! वर्षभर घरात बसून होती. यंदा ती तुषारकडे आली, तेव्हा एका हातात पाट होता आणि दुसऱ्या हातात मातीची पुरचुंडी. वसंताने दारात आंब्याचं कलम लावलं होतं, त्याच्या बुडची माती.

“ही माझ्या गणपतीत घाल रे,” ती म्हणाली होती. “मी स्वतः नेईन त्याला पाण्यात. बायकांनी न्यायचं नसतं म्हणतात, म्हणू देत. पोराला पोचवायचं राहिलंय माझं.”

तुषारने माती ठेवून घेतली आणि तिच्यादेखत मळून घातली. त्याला तेव्हा खरंच भरून आलं होतं. पाट मात्र त्याने परत केला होता. “काकू, आता पाट लागत नाही. सगळं मोबाइलवर असतं.”

“तात्या,” तुषार म्हणाला, “काकूंच्या मखरात बसलाय तो त्यांचा नाही.”

“मग त्यांचा?”

“वरच्या वाडीत पेडणेकरांकडे गेला. त्यांचा दीड दिवसाचा असतो…”

“म्हणजे विसर्जन झालं.”

“झालं.”

तात्यांनी हातातला ब्रश बाजूला ठेवला.

“काल काकूंकडे आरतीला गेलो. सगळे कापूर घेत होते, मी हळूच बुडाच्या चिठ्ठीवर मोबाइल धरला. पेडणेकरांचं नाव! पळत वर गेलो, तर त्यांच्या मखरात नुसता दिवा.”

“तू तुझ्या हाताने केलास ना यमुनेचा?”

“हो.”

“तरी ओळखला नाहीस?”

“साचा एकच, तात्या. रंग एकच.”

“डोळे कुणी आखले?”

तुषार खाली बघू लागला. डोळ्यांची आखणी मूर्तिकार स्वतः करतो, दुसऱ्याच्या हातात ब्रश देत नाही, हे त्याला याच खोपीत शिकवलेलं होतं.

“…कामगारांनी.”

तात्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुषारला वाटलं. म्हातारा घालेना.

“कधी सुरू झालं पुन्हा ते यंत्र?”

“चतुर्थीलाच. दुपारी.”

“दुपारी!”

“हो.”

“पेडणेकरांचा पाण्यात गेला दुसऱ्या दिवशी.”

“…हो.”

“मधे एक रात्र होती.”

एवढी एकच गोष्ट तुषारने कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

“मी बघितलंच नाही, तात्या,” तो अगदी हळू म्हणाला. “मोबाइल समोर होता. सुरू झाल्याचा आवाजही आला. म्हटलं, कुणी परत आलेलं नाही, कुणाची तक्रार नाही… कशाला उकरून काढा. झोपलो मी. दमलो होतो आणि झोपलो.”

“मघाशी फास कुणी लावला म्हणालास?”

तुषारने मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते त्याने पुसलंही नाही.

“त्याच्याकडे माहिती नव्हती,” तात्या म्हणाले, “तर ते नाही म्हणालं. एवढ्या गर्दीत, एवढ्या ढोलात नाही म्हणालं. तुझ्याकडेही नव्हती.”

“तात्या…”

“आल्यावर त्याने लगेच सांगितली. तू अजून सांगितली नाहीस.”

“काढून टाकतो ते. उद्यापासून पुन्हा पाट…”

“कशाला काढतोस? राहू दे. तुम्हा दोघांतलं खरं बोलणारं तेच आहे.”

तुषारला हे फार लागलं. ते खोटंच असतं तर एवढं लागलं नसतं.

मग त्याने मुठीतला रुमाल सोडला. आत माती होती, ओलसर, लालसर.

“काकूंच्या दारची आहे,” तो म्हणाला. “कलमाच्या बुडची. आज सकाळी त्या फुलं आणायला गेल्या तेव्हा घेतली. उद्या विसर्जन. तुम्ही संध्याकाळी दर्शनाला म्हणून या. गणपतीच्या पाठीला थोडा लेप लावा, कुणाला कळणार नाही. तुमच्यावर कोण संशय घेणार? काकू उद्या त्यालाच पोचवतील. त्यांच्या जिवाला तेवढंच… काही बिघडणार नाही, तात्या. उलट बरंच होईल.”

खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते बरंच वाटत होतं. ऐकणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. म्हातारी एवढं सोसून बसलेली, तिला आणखी कशाला दुखवा?

तात्यांनी रुमाल हातात घेतला. माती बोटांनी चाचपली. उठले, काठी टेकत अंगणापर्यंत गेले आणि मागोमाग आलेल्या तुषारच्या हातात रुमाल परत दिला.

“जिथून घेतलीस तिथे टाक.”

“तात्या, त्या मरतील ऐकून!”

म्हातारा आत गेला. बराच वेळ आत काहीतरी सरकवल्याचा आवाज येत राहिला. तुषार पावसात तसाच उभा. आपण इथे यायलाच नको होतं, असं त्याच्या मनात आलं. आणि आणखी कुठे जाणार होतो, असंही आलं.

तात्या बाहेर आले तेव्हा त्यांच्या काखेत एक पाट होता. फणसाच्या लाकडाचा, कडा झिजलेला. वर खडूने लिहिलेलं, किंचित पुसट, पण वाचता येत होतं.

शिगवण.

“तू परत केलास त्या दिवशी ती इथे आली,” तात्या म्हणाले. “म्हणाली, असू दे तुमच्याकडे. मी ठेवून घेतला.”

तुषारने पाट घेतला. हलका होता. तरी त्याच्या हातांना तो पेलवेना.

“वरच्या वाडीचं विसर्जन कुठे होतं?”

“धक्क्याच्या पलीकडे.”

“तिथली मूठभर वाळू घे. यावर ठेव. आणि यमुनेच्या दारात जा.”

तुषारला कळायला थोडा वेळ लागला. दारात पाट दिसेल, पाटावर वाळू दिसेल. ही रीत माहीत असलेल्या बाईला एक शब्द सांगावा लागणार नाही. आपला गणपती गेला, हे तिला वाळूच सांगेल. जे पोचवायचं होतं ते पोचलं, आणि आपण तिथे नव्हतो. या वेळीही नव्हतो.

“तुम्ही या ना बरोबर,” तो म्हणाला. लहानपणी हातून मूर्ती फुटली की म्हणायचा, तसंच.

“नाही.”

“त्या मला दारात उभं करणार नाहीत.”

“नाही तर नाही.”

“गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. पुढच्या वर्षी कोण येईल माझ्याकडे?”

तात्या उंबऱ्याशी बसले आणि राहिलेला ब्रश पाण्यात बुडवला.

तुषारने पाट छातीशी धरला. नाव आतल्या बाजूला ठेवलं, पावसाने पुसू नये म्हणून. अंगणाच्या टोकाला जाऊन तो थांबला. खाडीला भरती लागत होती, धक्क्याकडचा काठ अजून उघडा होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाळूही मिळाली नसती.

“तात्या…”

“हं.”

“जे झालं ते सांगेन. मी चुकीचा दिला, मी बघितलं नाही, मी झोपलो… सगळं सांगेन. पण काकू ते नाही विचारायच्या. त्या एकच विचारतील. वर्षभर ज्याला त्याला तेच विचारतायत. माझा वसंता कुठाय रे…”

त्याने वळून बघितलं.

“तर मी काय सांगू?”

तात्यांनी ब्रश पाण्यातून काढला. बोटांनी पिळला. त्यातून निघालेला रंग पाण्यात पसरेपर्यंत ते बघत राहिले.

“त्या सकाळी यंत्राने तुला जी एक ओळ सांगितली, तेवढीच. पुढे एक शब्द नको.”