गळलेल्या शिंगांची रास

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही जो काळ जुना वाटायचा, त्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक लहान मुले करत नाहीत.

एक राज्य होते आणि त्याच्या कडेला सांबरांचे मोठे रान होते. थंडीच्या दिवसांत राजा तिथे शिकारीला जाई. बाण सोडायचा तो शिंगवाल्या नरावर. बिनशिंगाच्या जनावराला, म्हणजे मादीला आणि पाडसाला, हात लावायचा नाही, असा दंडक होता. हंगाम संपला की मारलेल्या नरांची शिंगे राजवाड्याच्या दारात रचत. रास राजाच्या कमरेला लागली, तर रान भरलेले आहे असे समजायचे. गुडघ्याच्या खाली राहिली, तर रान थकले आहे असे समजून शिकार बंद करायची आणि राजाच्या गंजीतला चारा गाड्या भरभरून रानात टाकायचा. पूर्वीच्या कुणा शहाण्या राजाने ही रीत घातली होती. रानाला काही दरबारात येऊन गाऱ्हाणे मांडता येत नाही, म्हणून ही तजवीज.

भिवजी हा राजाचा मुख्य शिकारी. माणूस कामाला पक्का, पण मानाला फार हपापलेला. दरवर्षी रास कमरेला लागे आणि राजा स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर शेला घाली. तो शेला पांघरून भिवजी गावातून असा चाले, की जणू सांबरे यानेच जन्माला घातली.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. गवत उगवायच्या आधीच करपले. थंडी पडली, हंगाम सुरू झाला, आणि भिवजीच्या हाती काही लागेना. रानात शिंगवाले जनावर दिसेचना! जे दिसे ते बोडके. राशीचा दिवस जवळ आला, तरी भिवजीच्या अंगणात जमलेली शिंगे राजाच्या घोट्याला लागतील एवढीसुद्धा नव्हती. दरबारात कुजबुज सुरू झाली. "भिवजीचा हात म्हातारा झाला," असे कुणीतरी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. ते त्याच्या फार जिव्हारी लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच डोहावर गेला. रानात पाणी उरले होते ते त्या एका डोहात. काठावर एक म्हातारे सांबर उभे होते. मानेवर दाट आयाळ, म्हणजे नर. पण डोक्यावर शिंगांच्या जागी दोन ओल्या जखमा. भिवजीने धनुष्य उचलले, पण जनावर पळाले नाही.

"खाली ठेव ते," सांबर म्हणाले. "तुझ्याशीच बोलायला थांबलोय. आमची शिंगं गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. यंदा पोटात काही नाही, म्हणून भर थंडीतच गळून पडली. सगळ्या नरांची. अंगात ती पेलायचंही बळ राहिलं नाही. पाडसं तर उभी राहीनात."

"मग मी काय करू?" भिवजीने विचारले.

"त्या जांभळीखाली आम्ही आमची गळलेली शिंगं आणून टाकली आहेत. ती राजाला दाखव. वेळेआधी गळली म्हणून सांग. त्याच्या गंजीत चारा आहे, थोडा मिळाला तर आम्ही जगू. तू आमच्यातले पुष्कळ मारलेस, पण दंडक कधी मोडला नाहीस. म्हणून तुझ्यावर विश्वास टाकतोय."

भिवजीला भरून आले. खोटे कशाला सांगू, खरेच भरून आले. "दाखवतो," तो म्हणाला. "शब्द देतो."

त्याने बैलगाडी आणली आणि शिंगे भरली. गाडी शिगोशीग भरली, वर आणखी उरली. एवढी शिंगे त्याने आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. घराकडे येता येता तो पुन्हा पुन्हा मागे वळून गाडीकडे बघत होता. रानातून निघाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उपाशी पाडसे होती. घरी पोचला तेव्हा शेला होता.

गळलेले शिंग ओळखणे सोपे असते. त्याचे बूड गोल आणि खडबडीत असते, आणि मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचे हाड चिकटलेले असते. भिवजीने करवत काढली आणि अंगणात बसून एकेका शिंगाचे बूड कापायला लागला. मारलेल्यांचीही कापली, म्हणजे सगळी सारखी दिसावीत.

त्याची बायको चिमा दारात येऊन उभी राहिली. डोहावरचे बोलणे त्याने तिला आल्या आल्या सांगितले होते. "अवं, ही तर गळल्याली शिंगं. ह्यास्नी करवत कशाला लावताय?"

"तू गप ऱ्हा. राजाला दाखवायची हाईत."

"दावायची तर हाईत तशी दावा की. त्या मुक्या जीवांनी तुमच्यावर इस्वास टाकलाय."

"पुढल्या वर्साला सांगीन सगळं," भिवजी म्हणाला. "एवढा एक शेला पदरात पडू दे."

चिमा आत निघून गेली. बोलायला हवे होते, पण नवऱ्याच्या हातात करवत आणि डोळ्यांत शेला असताना ती बिचारी किती बोलणार?

राशीच्या दिवशी शिंगे राजाच्या छातीला लागली. नगारे वाजले. राजाने भिवजीला शेलाच काय, आपल्या गळ्यातला कंठाही घातला. "असे वर्ष पूर्वी झाले नाही!" राजा म्हणाला. "रान ओसंडून वाहते आहे. इतक्यात हंगाम कशाला संपवायचा? शेजारच्या राजांना बोलावणी पाठवा. सगळे मिळून डोहावर मोठी शिकार करू."

डोहावर कोण आहे, हे भिवजीला ठाऊक होते. पण गळ्यात कंठा होता. तो वाकला आणि मुजरा करून मागे सरला.

शिकारीच्या दिवशी डोहाभोवती राजे आपापल्या धनुर्धाऱ्यांसह बसले. हाकेकऱ्यांनी ढोल बडवत रान उठवले आणि सांबरे डोहाकडे आली. सगळी बोडकी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पण राजे बसले होते तिथून दिसत होती ती फक्त बोडकी डोकी.

"या तर नुसत्या माद्या," राजा म्हणाला. "छातीइतके नर मारूनही माद्या एवढ्या? फार वाढल्या आहेत. आज दंडक थोडा सैल करावा म्हणतो. भिवजी, माद्याच आहेत ना या?"

आता बघा, इथे रान वाचत होते. एक शब्द पुरे होता. भिवजीने तोंड उघडलेही. पण नर म्हणावे, तर राजा विचारणार, शिंगे कुठे गेली? आणि शिंगे दारात रचलेली होती.

"माद्याच हाईत, सरकार," भिवजी म्हणाला.

बाण सुटले. आणि एक गोष्ट सगळ्या पाहुण्यांना नवल वाटण्यासारखी घडली. सांबरे पळाली नाहीत. जिथे होती तिथे उभी राहिली, आणि राजाकडे बघत एकेक करून खाली बसली. संध्याकाळच्या आत डोहाचा काठ भरून गेला.

भिवजी प्रेतांमधून चालत गेला. ते म्हातारे सांबर अजून जिवंत होते. मानेत बाण होता.

"मीच त्यांना म्हणालो पळू नका," ते म्हणाले. "म्हणालो, राजा स्वतः आलाय, म्हणजे आपला निरोप पोचला. चारा घेऊन आला असेल. भिवजी, शिंगं दाखवलीस ना त्याला?"

"दाखवली," भिवजी म्हणाला.

"मग त्याला कळलं कसं नाही?"

उत्तर ऐकायच्या आधीच सांबराची मान कलंडली.

तेवढ्यात राजा तिथे आला. त्याने एका जनावराची आयाळ पाहिली, मग दुसऱ्याची. डोक्यावरच्या जखमांवरून बोट फिरवले आणि भिवजीकडे वळून पाहिले. भिवजी त्याच्या पायांवर पडला आणि सगळे सांगून मोकळा झाला, करवतीचेही सांगितले. राजाने त्याला मारले नाही, तुरुंगात टाकले नाही. "चाऱ्याच्या गंजी तशाच पडून आहेत रे," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी राजाने शिकार बंद केल्याची दवंडी पिटवली आणि चाऱ्याच्या गाड्या रानात पाठवल्या. तो चारा तिथेच कुजला. सांबरे संपली म्हणून वाघ उपाशी पडले आणि गावात उतरले. आधी गुरे गेली, मग माणसे. नदीवर गेलेली चिमा परत आली नाही. उरलेल्यांनी गाव सोडले. जाताना भिवजीला कुणी हाक मारली नाही, आणि त्यानेही कुणाला थांबवले नाही.

म्हणून सांगतो, दुसऱ्याचे दुःख पोचवायचा शब्द देऊन जो त्यात आपला मान साधतो, तो शेवटी खरे बोलतो तेव्हा वाचवायला कुणी उरलेले नसते.