फिरंगेची मूठ

फार जुन्या काळी समुद्रापलीकडून आलेल्या एका सरळ पात्याला इकडच्या कारागिराने लाखेने मूठ बसवली आणि त्याची फिरंग तलवार झाली. पुढे ती संग्रहालयात आली.

शेजारच्या कपाटातल्या युरोपी तलवारी तिला म्हणाल्या, "ती गावठी मूठ टाक आणि आमच्यात ये. तू आमच्याच घरची."

संग्रहालयाचे प्रमुख केळुसकर यांनाही तसंच वाटत होतं. लाख वितळवायला त्यांनी शेगडी पेटवली.

"तापवा खुशाल," फिरंग म्हणाली. "पातं तिकडचं असेल, पण मला लढायला उभं केलं ते या मुठीनं. ती काढल्यावर मला धरणार कुठं, साहेब? नुसतं पातं आधी धरणाऱ्याचाच हात कापतं."

केळुसकरांनी शेगडी विझवली. फिरंग आजही देशी आणि युरोपी तलवारींच्या दोन कपाटांच्या मधोमध आहे, मुठीसकट.