कोरी बशी

एका शहरात एक प्रयोगशाळा होती. तिथे लोक दगड विरघळवायचे. हो, खरंच दगड! आधी कुटायचे, मग जहाल आम्लात टाकायचे आणि तळाशी काय उरतं ते बघायचे. उरायचे बीजाणू, म्हणजे फुलं न येणाऱ्या झाडांचे बियांसारखे कण. धुळीपेक्षा बारीक. झाडं पाण्यातून पहिल्यांदा जमिनीवर आली ना, तेव्हा त्यांच्या बीजाणूंवर असं काही चिवट कवच होतं, की उन्हात ते सुकले नाहीत. झाड कुजलं, चिखलाचा दगड झाला, कवच तसंच राहिलं. त्या पहिल्या झाडांचं अख्खं रोप काही हाती लागत नाही. साक्षीला आहेत ते फक्त बीजाणू.

तिथे नंदिता ओगले नावाची संशोधक होती. सात वर्षं तिला एकच ध्यास, सगळ्यांत जुना बीजाणू शोधायचा. आजवर सापडलेले सर्वांत जुने साधारण सत्तेचाळीस कोटी वर्षांचे. नंदिताचा दगड साठ कोटींचा! त्यात काही सापडलं, तर तिची नोकरी पक्की होणार होती. नाही तर वर्षअखेरीला संपणार होती.

त्या प्रयोगशाळेची एक पद्धत होती. दगडाच्या बशीशेजारी एक कोरी बशी मांडायची. तिच्यात दगड नाही, बाकी सगळं तेच. तेच पाणी, तेच आम्ल, तेच टेबल. कोऱ्या बशीत काही दिसलं तर समजायचं, ते बाहेरून पडलंय. दगड कुटणारे गेनूमामा ती बशी कधी विसरायचे नाहीत.

त्या दिवशी नंदिता घाईत होती. म्हणाली, "मामा, राहू द्या ती रिकामी बशी. तिच्यात कधी काही निघालंय का?"

"निघत नाही हे बघायलाच तर मांडायची, बाई," मामा म्हणाले. पण ऐकतंय कोण!

आणि काय सांगू, नेमके त्याच दगडात बीजाणू निघाले! चार. प्रत्येकावर तीन रेघांची ठसठशीत खूण, जमिनीवरच्या झाडांच्या बीजाणूंवर असते तशी. प्रमुख बर्वे सरांनी पेढे मागवले. "नंदिता, पुस्तकं बदलावी लागतील बघ!" परवाच्या परिषदेत जाहीर करायचं ठरलं.

पेढा हातात घेऊनच नंदिताने परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. निव्वळ कौतुकाने. आणि तिने पेढा तसाच खाली ठेवला. बीजाणू फिकट पिवळे होते. इतकी वर्षं जमिनीखाली भाजलेला बीजाणू तपकिरी होतो, काळा पडतो. हे तर कालचे दिसत होते.

तिने मान वर केली. खिडकीत नेच्याची, म्हणजे फर्नची, कुंडी होती. तिनेच आणलेली, लाडाने वाढवलेली. पानांच्या पाठीवर बीजाणूंनी भरलेले तपकिरी ठिपके होते, त्यातले बरेच फुटलेले.

रंगाकडे बाकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. तिने गेनूमामांना हाक मारली. मग म्हणाली, "मामा, कोरी बशी मांडा."

दुसऱ्या दिवशी कोऱ्या बशीत तसेच पाच निघाले.

ती सरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तू बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"सर, सात वर्षं मी दगडाला विचारतेय. आता उत्तर कुंडीचं कसं सांगू?"

परिषदेच्या यादीतून तिचं नाव गेलं. वर्षअखेरीला नोकरीही गेली. निघताना ती कुंडी फेकायला उठली, तर मामांनी अडवलं. "झाडाचं काय चुकलं, बाई? त्यानं त्याचं काम केलं." ते कुंडी बाहेर अंगणात ठेवून आले.

आज त्या प्रयोगशाळेत कुणी नवीन आलं, की गेनूमामा त्याला आधी मायक्रोस्कोपखालची एक जुनी काच दाखवतात. तिच्यावर नंदिताच्या अक्षरात लिहिलंय, "हे खिडकीतल्या नेच्याचे. चूक माझी." ते वाचून झालं की मगच त्याच्या हातात पहिला दगड देतात. आणि सोबत दोन बशा.

तात्पर्य: मनासारखं उत्तर मिळालं की तेच सगळ्यांत आधी तपासावं, आणि चूक निघाली तर कुणी पकडायच्या आत आपणच सांगावी, मग किंमत कितीही पडो.